नाशिकहून मोंबासाला गेलेली मंडळी

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आज मी तुम्हाला केनियात नेणार आहे, मोंबासा शहराजवळच्या दोन जुन्या चर्चवस्त्यांमध्ये. फक्त आपला रस्ता जातो नाशिकवरून.

नाशिककरांना शरणपूर रोड सांगायला नको. दुकानं, दवाखाने, सिग्नलला अडकलेल्या रिक्षा. पण ‘शरणपूर’ हे नाव कधी नीट ऐकलंय? शरण आलेल्यांचं गाव. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सीएमएस, या इंग्लंडच्या संस्थेने ही ख्रिस्ती वस्ती वसवली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले मिशनरी. पुढे इथेच आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रम उघडला.

आता आफ्रिकन मुलं नाशिकला कशी? त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांतून अरबस्तानाकडे विकायला नेत. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी असं गलबत धरलं, की आतली माणसं सोडवून बऱ्याचदा मुंबईला उतरवत. मग प्रश्न यायचा, या पोरांचं करायचं काय? काही मुलं लोकांच्या घरी कामाला ठेवली गेली, काही मिशनकडे आली. शरणपुरात ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी वाचायला शिकली. नावंही नवी मिळाली. चेंग्विंबे नावाचा एक मुलगा झाला मॅथ्यू वेलिंग्टन! इतिहासात ही मुलं ‘नासिक बॉइज’ आणि ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या नावांनी ओळखली जातात.

इकडे मोंबासाजवळ सीएमएसचं काम आधीच सुरू झालं होतं. योहान क्राफ्फ हा जर्मन मिशनरी १८४४ साली तिथे पोहोचला. काही आठवड्यांतच त्याची बायको आणि नवजात मुलगी तापाने गेली. दोन वर्षांनी योहानेस रेबमान येऊन मिळाला आणि दोघांनी राबाई या डोंगरावरच्या गावात ठाणं टाकलं. किलिमांजारोचं बर्फ पाहिलेला पहिला युरोपियन तो हाच रेबमान. त्यांनी भाषांचा अभ्यास केला, शब्दकोश रचले. पण चर्च? रेबमान तिथे जवळजवळ तीस वर्षं राहिला आणि जमली ती बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, हे मला फार आवडतं. इमारत नव्हे, माणसं. राबाईला इमारतीच्या आधी कमी होती ती माणसांची. आणि ती आली नाशिकहून. १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर अशी शरणपुरात शिकलेली तरुण माणसं बायकांसह मोंबासाला उतरली.

या पोरांपैकी एकाबद्दल थोडं थांबून सांगतो. डेव्हिड लिव्हिंगस्टन हे नाव शाळेत वाचलं असेल, आफ्रिकेत हिंडणारा स्कॉटिश मिशनरी. १८७३च्या मे महिन्यात तो आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह सुकवून, कापडात गुंडाळून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. नऊएक महिने, पायी. तिथे कुणी गोरा माणूस नव्हता. दफनाची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने, नाशिकच्या आश्रमात शिकलेल्या तरुणाने. झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. पुढे देहासोबत तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये चालला. आपला चेंग्विंबे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टनही त्या पायी जथ्यात होता. शरणपूर रोडवर यांच्या नावाचा एखादा चौक का नाही, हा मला खरंच पडलेला प्रश्न आहे.

पुढची कडीसुद्धा मुंबईचीच. सर बार्टल फ्रिअर, ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, ते माजी गव्हर्नर १८७३ साली झांजिबारला गेले. त्या वर्षी सुलतानाने तह मान्य केला आणि गुलामांचा बाजार बंद झाला. आता सुटलेल्यांना ठेवायचं कुठे? फ्रिअरांनी नाशिकचा आश्रम पाहिला होता. तसंच काहीतरी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच करा, असं त्यांनी सुचवलं. सीएमएसने प्राइसना पाठवलं, मोंबासा बेटासमोर जमीन घेतली आणि फ्रिअर टाउन उभं राहिलं. शेती, शाळा, चर्च, कारखाना. ते चालवायला नाशिक-मुंबईकडून दीडशेच्या आसपास आफ्रिकन माणसं बोलावली गेली.

मिशनच्या कागदांत याला ‘घरी परतणं’ म्हणत. इथे मी अडखळतो. यातल्या बऱ्याच जणांची मूळ गावं न्यासा सरोवराच्या बाजूला, मोंबासापासून शेकडो किलोमीटर दूर. राबाईच्या लोकांची भाषा यांना परकी. अंगात कोट-पँट, हातात इंग्रजी पुस्तक. गावकऱ्यांना हे परदेशीच वाटायचे. मिशनऱ्यांच्या लेखी मात्र हे पगाराला आणि मानाला गोऱ्यांच्या एक पायरी खाली. दोन्हीकडून उपरे! फ्रिअर टाउनची शिस्तही अशी, की १८८०च्या सुमारास तिथल्या गोऱ्या व्यवस्थापकाच्या फटक्यांची सरकारी चौकशी झाली. गुलामीतून सोडवलेल्या माणसांना फटके, तेही चर्चच्या वस्तीत. या गोष्टीला नुसती गोड गोष्ट म्हणता येत नाही ती यासाठी.

खरी कसोटी लागली राबाईत. १८७३च्या तहाने माणसांची समुद्रमार्गे वाहतूक आणि बाजार बंद झाले, पण घरात, मळ्यात गुलाम ठेवणं कायदेशीरच राहिलं. मग मळ्यांतून माणसं पळायची आणि थेट राबाईच्या डोंगरावर यायची. कायद्याने बघितलं तर ती कुणाची तरी ‘मालमत्ता’! मिशनच्या वरिष्ठांचा हुकूम होता, पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका. ठेवलं तर मोंबासाचे मालक चालून येतील, सगळं कामच बुडेल. भीती खोटी नव्हती, हल्ल्याच्या धमक्या खरोखर आल्या होत्या. पण राबाई सांभाळत होती नाशिकहून आलेली माणसं, आधी जॉर्ज डेव्हिड आणि नंतर विल्यम जोन्स. रात्री दार वाजतं, बाहेर पळून आलेलं कुटुंब. आत जो माणूस आहे तो स्वतः लहानपणी विकला गेलेला. तो त्यांना काय म्हणेल? राबाई भरत गेली.

१८८८ साली हे उघड झालं आणि मालक भडकले. शेवटी नव्या ब्रिटिश कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने तोडगा काढला, मालकांना पैसे द्यायचे आणि या लोकांना मुक्तीचे कागद. १ जानेवारी १८८९ला मिशनच्या ठाण्यांवर आसऱ्याला आलेली सुमारे १,४०० माणसं कागदोपत्री मोकळी झाली. नुकसानभरपाई मालकांना मिळाली, राबणाऱ्यांना नाही, हेही ऐकून ठेवा. त्या किनाऱ्यावर गुलामीची कायदेशीर मान्यता गेली ती थेट १९०७ साली.

जोन्सचं अजून एक सांगायलाच हवं. १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी त्याला आणि सेम्लरला डीकन म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाकडे निघाले, सोबत जोन्स. वाटेत त्याला काफिल्याजवळ ठेवून बिशप मोजकी माणसं घेऊन पुढे गेले आणि बुगांडाच्या राजाच्या हुकमाने मारले गेले. उरलेला सगळा काफिला शेकडो किलोमीटर मागे राबाईपर्यंत आणला तो जोन्सने. झेंड्यावर एकच शब्द लिहिला होता, ‘ईखाबोद’. बायबलमधला शब्द, अर्थ साधारण असा, की वैभव निघून गेलं.

राबाईचं १८८७चं सेंट पॉल चर्च आजही उभं आहे, शेजारी क्राफ्फच्या नावाचं संग्रहालय आहे. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. आणि फ्रिअर टाउनची घंटा, जी गुलाम पकडणारे आले की धोक्याची म्हणून वाजवायची, तिच्यावरून तिथल्या चौकाला आजही ‘केंगेलेनी’ म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा, केंगेलेनी म्हणजे घंटेपाशी. मोंबासातले मटाटूवाले, आपल्या वडापसारख्या गाड्या चालवणारे, हेच नाव ओरडत प्रवासी भरतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी शरणपूरच्या जुन्या आठवणी, फोटो, चर्चची जुनी कागदपत्रं असतील तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.