अळीची जीभ, आईचे पाय

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘शेतीवर काहीतरी सोपं बोला’, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. पण इंदुरात जन्म गेलेल्या, सराफ्यात रात्री अकराला जिलबी खाणाऱ्या माणसाला चवीचा विषय टाळता येत नाही. म्हणून आज चवीवरच बोलतो. फक्त ती चव आपली नाही, किड्यांची आहे.

आपल्यापैकी अनेकींच्या गच्चीत कढीपत्त्याची कुंडी असेल. त्यावर कधीतरी एक काळं, पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू येतं. नीट पाहिलंत तर ते पानावर बसून पुढच्या पायांनी टपटप करतं, जणू दार वाजवतंय. मग एक अंडं चिकटवून उडून जातं. आठवड्याभरात पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरू लागतात आणि फोडणीला पान उरत नाही. ती टपटप म्हणजे चव घेणं. फुलपाखराला पायांनी चव कळते. पायावर बारीक केस असतात, केसाच्या टोकाला छिद्र असतं आणि आत चवीच्या पेशी. टपटप केल्यानं पानाचा रस थोडासा सुटतो आणि आईला कळतं की हे झाड आपल्या लेकराला चालेल की नाही. तिला स्वतःला ते पान खायचं नसतं. ती फुलातला मध पिते.

या फुलपाखराचा एक जपानी भाऊबंद आहे, तोही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली त्याच्या मादीच्या पायातलं एक जनुक शोधून काढलं. लिंबाच्या पानात सिनेफ्रिन नावाचं द्रव्य असतं, ते ओळखण्याचं काम या जनुकाकडे आहे. ते गप्प केलं तेव्हा त्या द्रव्यावर अंडी घालणं कमी झालं. खाण्याचा इथे प्रश्नच नव्हता. चवीच्या जनुकावर पुढच्या पिढीचा जन्म अवलंबून होता.

जनुक म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. आजीच्या वहीतली पाककृती समजा. त्या कृतीवरून पेशी एक प्रथिन बनवते आणि ते पेशीच्या भिंतीत कुलपासारखं बसतं. ठरावीक द्रव्याची किल्ली लागली की कुलूप उघडतं आणि मेंदूला निरोप जातो : गोड आहे, किंवा कडू आहे, थुंक. या कुलपांना रुचिग्राही म्हणतात. कीटकांमधली ही जनुकं सापडायला २००० साल उजाडलं, आणि तीही आधी केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीत. माणसाकडे कडू ओळखणारी जनुकं पंचवीसच्या आसपास आहेत. तुतीशिवाय दुसरं काही न खाणाऱ्या रेशीमकिड्याकडे सगळ्या चवींची मिळून सत्तरच्या आसपास. आणि आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीकडे, जिला माळव्यात सगळे ‘इल्ली’ म्हणतात, ही संख्या दोनशेच्या घरात जाते! हरभरा, तूर, कपाशी, टोमॅटो, मका, सूर्यफूल, सगळं चालतं तिला. जिला सगळं खायचं, तिला पारखायलाही जास्त लागतं. जास्त कुलपं बहुतेक कडू, त्रासदायक द्रव्यं ओळखण्यासाठी असावीत, असं मला वाटतं.

रेशीमकिड्यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. २०१९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी त्याचं एकच रुचिग्राही जनुक बंद केलं, तर तो सफरचंद आणि सोयाबीनही खाऊ लागला. हजारो वर्षांचं तुतीव्रत एका जनुकानं मोडलं.

आता घाटेअळीचं सांगतो, कारण तिनं आमच्या घरी फार नुकसान केलं आहे. आमच्या काकांची देवासकडे थोडी जमीन होती. मी नुकताच कीटकशास्त्र शिकून नोकरीला लागलो होतो. काकांनी विचारलं, ‘‘अरे, तू शिकलेला, सांग काय मारू?’’ मी रविवारी गेलो, घाट्यांना भोकं दिसली, म्हटलं जोरदार फवारा, आठवड्यानं पुन्हा फवारा. तीन फवारण्या झाल्या. मोठी अळी डोकं घाट्यात खुपसून बसते, अर्धं अंग बाहेर. तिला औषधाचं काय! शिवाय त्याच सुमारास, १९८७-८८ च्या हंगामात, आंध्रात कपाशीवर हीच अळी पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईनाशी झाली होती. मी ते वाचलेलं नव्हतं. औषधाची उधारी फेडायला काकांनी जोडीतला एक बैल विकला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट होळीला आम्हाला ओल्या हरभऱ्याची जुडी पाठवली.

माझी चूक औषधाच्या नावात नव्हती, वेळेत होती. अळी दिसते तेव्हा गोष्ट अर्धी संपलेली असते. सुरुवात होते रात्री, पतंगाच्या मादीपासून. तिला अंडी घालण्याआधी ताकद लागते. पायाला किंवा मिशीला साखरेचा स्पर्श झाला की तिची गुंडाळलेली सोंड उलगडते आणि ती मध पिते. (सोंड म्हटल्यावर बाप्पाची आठवण झाली असेल, पण मोदक तिच्या सोंडेत मावणार नाही.) साखर मिळालेली मादी जास्त दिवस जगते, जास्त अंडी घालते. पाचशेपासून दोन-तीन हजारांपर्यंत, एकेक सुटं, कोवळ्या पानावर, कळीवर. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, सुरुवातीला पानं खरवडते, मग घाट्यात शिरते. एक अळी तीस-चाळीस घाटे फस्त करते.

मग आईची गोडी आणि लेकराची गोडी एकच असते का? आम्ही वर्गात तसंच गृहीत धरत होतो. बीजिंगच्या विज्ञान अकादमीतल्या प्रयोगशाळेनं २०२४ साली याच घाटेअळीवर काम प्रसिद्ध केलं. अळी आणि पतंग साखर ओळखायला वेगवेगळी जनुकं वापरतात : अळीच्या तोंडाजवळच्या चवकेसांत दहा क्रमांकाचं, तर पतंगाच्या मिशीत, पायांत आणि सोंडेत सहा क्रमांकाचं. दहावं काढून टाकलं तर अळीला साखरेची ओढ राहत नाही. सहावं काढलं तर पतंगाला. एकाच जिवाच्या दोन जन्मांना दोन जिभा! उद्या कोणी फक्त पतंगाची गोडी बिघडवणारं द्रव्य काढलं, तर अंडी घालायच्या आधीच तिची ताकद तोडता येईल. प्रयोगशाळेतून बांधावर यायला अशा गोष्टींना वर्षं लागतात, हे मात्र मी काकांना सांगितलं असतं तसं तुम्हालाही सांगतो.

हरभराही गप्प बसत नाही. त्याच्या पानावर जी आंब असते, पूर्वी रात्री पिकावर कापड पसरून ती दवाबरोबर गोळा करत, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’मध्ये १९९५ च्या सुमारास असं दिसलं, की ऑक्झॅलिक आम्लानं अळीची वाढ खुंटते. गंमत म्हणजे अळी ते टाळत नाही, खाते; पण अंगी लागत नाही. सगळंच चवीनं ठरत नाही, हे मी पतंगप्रेमानं विसरू नये म्हणून सांगितलं.

दसरा-दिवाळीनंतर हरभऱ्याची पेरणी होईल. इथे ज्यांची शेती आहे त्यांनी फुलोऱ्याच्या आधीच हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, पक्षीथांबे उभारावेत, ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन लहान अळ्या दिसल्या की लगेच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. कडुनिंब हेही चवीचंच शस्त्र आहे; अळी खायची थांबते आणि मादी अंडी घालायला कचरते. पण अळी बोटभर झाल्यावर नाही.

व्याख्यानानंतर एका वहिनींनी विचारलं, ‘‘मग आमच्या कढीपत्त्यावरच्या अळ्या माराव्यात का?’’ मी म्हटलं, मारू नका, अलगद उचलून लिंबावर नाहीतर बेलावर ठेवा. लिंबू, बेल आणि कढीपत्ता वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले, आणि त्या अळीला ते आपल्याआधी कळलेलं आहे. तुळशीवर मात्र ठेवू नका. उपाशी मरेल, पण तुळस खाणार नाही.