नेम आणि नजर
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



मंडळाच्या छायाचित्र-संग्रहाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही मात्र आमच्या एका चुकीविषयीच बोलणार आहोत.

जयपूरहून टोंकच्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटरवर चाकसू लागते. तेथे शील की डूंगरीवर शीतलामातेचा मोठा मेळा भरतो. येथील पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य अष्टमीस, आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीस. एका वर्षी मंडळाची सहल तेथे गेली. संस्थापकांपैकी हयात असलेल्या एकमेव आजी पायऱ्यांवर विसावल्या होत्या. ८५ मिलिमीटरची लेन्स १.८ वर पूर्ण उघडून, दोन मीटरांवरून आम्ही त्यांची दहा-बारा छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो, कानांतील कुडी लख्ख आणि डोळे धूसर!

हात हलला असता तर सारेच चित्र बिघडले असते. येथे स्पष्टता केवळ मागे सरकली होती. एवढ्या अंतरावर स्पष्टतेची पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटरांची. त्यात डोळे आणि कान एकदम कसे मावावेत?

आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यात फोकसची पारख तळाशी बसवलेला वेगळा संवेदक करतो, चित्र मात्र मागच्या संवेदकावर उमटते. या दोन वाटांच्या लांबीत किंचित फरक पडला, की नेम चुकतो. शिवाय प्रत्येक लेन्सचा दोष निराळा. म्हणून २००७ पासून अनेक कॅमेऱ्यांत ही दुरुस्ती उणे २० ते अधिक २० अशा मापाने, लेन्सगणिक करता येते.

रीत सोपी आहे. कॅमेरा तिवईवर बसवावा. समोर सरळ उभे लक्ष्य आणि शेजारी तिरकी मोजपट्टी ठेवावी. अंतर लेन्सच्या मिलिमीटरांच्या पन्नासपट, म्हणजे ८५ ला सव्वाचार मीटर. प्रकाश भरपूर, छिद्र पूर्ण उघडे. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा साधावा आणि एका चित्रावर विसंबू नये. पाच-सहांची सरासरी पाहावी. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत चित्राचा संवेदकच फोकस पारखतो, म्हणून तेथे हा खटाटोप क्वचितच लागतो.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेराच स्वतः घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. आपल्याला तर घडविलेला कॅमेरा केवळ पारखायचा आहे. आम्हांस त्यासाठी एक संध्याकाळ पुरली. पण ती उशिरा आली. तोवर आजी गेल्या होत्या. या अंकात त्यांचे तेच चाकसूचे चित्र आहे. डोळे धूसर आहेत. कुडी मात्र त्यांच्या नातीने पाहताक्षणी ओळखली.

येत्या रविवारी मंडळाच्या साऱ्या ज्येष्ठांची छायाचित्रे घ्यावयाची आहेत. आपापले कॅमेरे आणि लेन्स घेऊन शनिवारीच यावे, ही विनंती. तिवई आणि मोजपट्टी आम्ही आणू.