मोटारसायकलचा कंप : कारणे व उपाय



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ विषय आजवर येऊन गेले. त्याच व्यासपीठावरून आज मी मोटारसायकलच्या थरथरीविषयी बोलणार, हे ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. त्यांना मी दोष देत नाही. पण सभा संपल्यावर मंडपाबाहेर उभ्या असलेल्या वाहनांकडे एकवार नजर टाका. आपणांपैकी निम्म्याहून अधिक लोक दुचाकीवरून आले आहेत असे दिसेल. कुणी रोज पाच मैल जातो, कुणी दुधाच्या किटल्या बांधून पहाटे महामार्गाला लागतो, कुणी दिवसभर घरोघरी पार्सले पोचवतो. ज्या वस्तूवर माणसाचे पोट चालते आणि जिच्या दांड्यावर त्याचे हात तासन्‌तास असतात, ती का थरथरते हे समजून घेणे मला तरी गौण वाटत नाही.

या प्रश्नाकडे मी वळलो तो एका प्रवासामुळे. काही वर्षांपूर्वी एका सिलिंडरच्या मोटारसायकलवरून मी कोल्हापूरहून पुण्याला निघालो होतो. रस्ता चांगला, हवा चांगली, म्हणून वेग वाढत गेला. सातारा मागे पडेपर्यंत आरशात मागचा एक ट्रक दोन दिसू लागला होता आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या. पुढे एका उतारावर मी ब्रेकची मूठ दाबली, तेव्हा ती किती दाबली गेली हे माझ्या बोटांना कळेना. गाडी थांबली, अपघात झाला नाही. पण घाम फुटला. उतरून पाहतो तो नंबरपाटीचा एक स्क्रू वाटेत कुठेतरी पडून गेलेला. गावी परतल्यावर मिस्त्रीकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, एका दट्ट्याची गाडी म्हटली की थरथरणारच!" हे उत्तर अर्धे खरे होते. उरलेले अर्धे कोणते, ते पुढे येईलच.

आता मुळापासून सुरुवात करू. इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमध्ये वरखाली होतो आणि कनेक्टिंग रॉडच्या साहाय्याने खालचा क्रँक फिरवतो. फिरणारी वस्तू तोलता येते. पिठाच्या गिरणीचे चाक नीट तोललेले असले तर शेजारच्या भिंतीला हादरा बसत नाही. वरखाली होणाऱ्या वस्तूचे तसे नाही. ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबते आणि दोनदा उलट फिरते. धावत्या बैलगाडीत आपण उभे असताना बैल अचानक थांबले तर आपण पुढे फेकले जातो. तशी फेकाफेक इंजिनात अखंड चालू असते.

ती किती मोठी असते याचा हिशेब करू. आपल्या परिचयाची जुनी ३५० सीसीची बुलेट घ्या. मद्रासला १९५५ साली एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रस्त्यांवर धावली. तिच्या जुन्या इंजिनात पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि वरखाली होण्याचा पल्ला ९० मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ फेरे, आणि पिस्टन सेकंदाला १३३ वेळा थांबतो व उलटतो. गणित केले तर टोकाच्या क्षणी त्याच्यावरचा ताण त्याच्या वजनाच्या सुमारे ८०० पट येतो. पिस्टन आणि त्याच्याबरोबर वरखाली होणारे भाग मिळून हिशेबापुरते अर्धा किलो धरले, तरी ती ओढ चार क्विंटलांच्या घरात जाते. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला ६७ वेळा. अशा हिसक्यांपुढे एखादा नट सैल झाला तर नवल नाही. एवढे असून बाकीचे जागेवर राहतात हेच नवल.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. ४००० फेऱ्यांना चार क्विंटल असेल, तर २००० फेऱ्यांना ती एकच क्विंटल असते. गावात गुणी वाटणारी गाडी महामार्गावर लागताच अवगुणी का होते, याचे उत्तर इथे आहे.

दुसरे कारण अनुनादाचे. लहान मुलाला झोपाळ्यावर झोके देणाऱ्या आजीला हे शास्त्र न शिकता येते. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हलका धक्का दिला तरी झोका आभाळाला भिडतो, आणि लय सोडून कितीही जोर लावला तरी तो रखडतो. मोटारसायकलचा दांडा, आरसा, पाय ठेवायची फुटरेस्ट, मडगार्ड या प्रत्येकाची अशी एक लय आहे. इंजिनाचे फेरे त्या लयीशी जुळले की तो भाग झणझणू लागतो. म्हणून पुष्कळ गाड्यांत ७० च्या वेगाला सारे ठीक असते, ८५ ला आरसा आंधळा होतो आणि ९५ ला पुन्हा जरा बरे वाटते.

यावर कारागिरांनी काय काय केले, तो इतिहास मनोरंजक आहे. पहिला उपाय क्रँकला उलट बाजूस वजन लावण्याचा. पण त्यात एक मेख आहे. पिस्टनची सगळी ओढ तोलेल एवढे वजन लावले, तर वरखालीचा हादरा जातो आणि तेवढाच हादरा पुढेमागे निर्माण होतो. कारण वजन गोल फिरते आणि पिस्टन सरळ रेषेत चालतो. म्हणून साधारण अर्धी ओढ तोलायची आणि अर्धी सोसायची, असा तह करावा लागतो. सोसायची राहिलेली ती अर्धी ओढ मग क्रँकच्या उलट दिशेने गरगर फिरत राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

दुसरा उपाय सिलिंडरांच्या मांडणीचा. जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९२३ साली आपली पहिली मोटारसायकल काढली, तिच्यात दोन सिलिंडर समोरासमोर आडवे ठेवले. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे एकाची ओढ दुसऱ्याने रद्द होते. दोन्ही अगदी एका रेषेत नसल्यामुळे थोडासा हेलकावा उरतो, एवढेच. इंग्लंडात मात्र १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनपासून दुसरीच प्रथा रूढ झाली. दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे, आणि दोन्ही पिस्टन एकदमच वर व एकदमच खाली. स्फोटांमधले अंतर सारखे पडते म्हणून इंजिन सुरेल चालते. पण तोलाच्या दृष्टीने दोन सिलिंडर असून ते एकाचेच दुःख! इंजिने जसजशी मोठी झाली तसतसा हा कंप असह्य होत गेला.

नॉर्टन कंपनीने त्यावर १९६७ साली तिसरा उपाय पुढे आणला. तिच्या कमांडो गाडीत इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या चाकाचा दुबेळका हे सारे एकत्र जोडून, रबराच्या गाद्यांमार्फत सांगाड्यावर टांगले. इंजिन थरथरायचे ते थरथरतेच. फक्त ती थरथर स्वारापर्यंत पोचत नाही. फेरे कमी असताना ही गाडी जागच्या जागी डोलते, आणि वेग घेतल्यावर शांत होते. पण रबराच्या जोडांतले अंतर नेमके राखावे लागते. ते जास्त झाले तर वळणावर गाडी ढिली वाटते, कमी झाले तर कंप परत येतो. रबर हे औषध आहे, पण मात्रेत घ्यावयाचे.

चौथा उपाय मला सर्वांत देखणा वाटतो. मघाशी सांगितले की उरलेली अर्धी ओढ क्रँकच्या उलट दिशेने फिरते. मग इंजिनातच, क्रँकच्या उलट आणि तितक्याच वेगाने फिरणारा एक वजनदार दंड बसवला तर? ती ओढ जिकडे जाईल, त्याच्या नेमके विरुद्ध याचे वजन जाते आणि हिशेब चुकता होतो. पिस्टनच्या चालीतून दुप्पट लयीचा एक छोटा कंप आणखी निघतो, तो मात्र उरतो. असे तोलदंड वापरून मोटारींच्या चार सिलिंडरच्या इंजिनातला तो छोटा कंप मारण्याची युक्ती इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०४ साली काढली. मोटारसायकलींत तोलदंड रुळले ते १९७० नंतर, मुख्यतः जपानी कारखान्यांमुळे. आपल्याकडच्या रॉयल एन्फील्डने २०२० च्या मीटिअरमध्ये तोलदंड असलेले नवे ३५० चे इंजिन घातले. तेच २०२१ साली क्लासिकमध्ये आणि २०२३ साली बुलेटमध्ये आले. जुने शौकीन म्हणतात की मजा गेली. गेली असेल, पण बोटांतल्या मुंग्याही गेल्या.

आता ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे निदान. चाकाचा परीघ साधारण दोन मीटर धरला, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला, म्हणजे सेकंदाला २५ मीटर जाताना, चाक सेकंदाला सुमारे साडेबारा फेरे घेते. इंजिन त्याच वेळी ६०-७० फेरे घेत असते. म्हणून चाकाचा दोष हा ठसठशीत हेलकावा असतो, दांडा हलताना दिसतो. इंजिनाचा कंप बारीक, झिणझिण्या आणणारा असतो. आणखी एक कसोटी अशी. मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगात, वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. कंप बदलला तर उगम इंजिनात. तसाच राहिला तर टायर, आरे किंवा चाकाच्या बेअरिंगकडे पाहा.

माझ्या गाडीचे काय झाले ते आता सांगतो. मी आधी मुठींना जाड रबर घातले, दांड्याच्या टोकांना वजने लावली, बरेच पैसे घालवले. गुण आला नाही. शेवटी एक दिवस पाना घेऊन स्वतः बसलो, तेव्हा इंजिन सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी एक हाताने फिरू लागला. तो नीट आवळला आणि थरथर निम्म्यावर आली. मिस्त्रींच्या उत्तरातले उरलेले अर्धे ते हे! म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम इंजिनाचे बोल्ट, मग चेनचा ताण आणि दातेरी चक्रांची झीज, मग टायरमधली हवा आणि चाकांचा तोल, मग दांड्याचा कोनसेट. हे सर्व झाल्यावरच वजने आणि रबरे विकत घ्यावीत.

टोकाच्या वजनांना अर्थ आहे, नाही असे नाही. वजन वाढले की दांड्याची स्वतःची लय मंदावते आणि झणझणण्याचा वेग खाली सरकतो. परंतु तो सरकून नेमका आपल्या नेहमीच्या वेगावर येऊन बसला, तर रोगापेक्षा औषध भारी! तेव्हा लावून, चालवून, पाहून मग ठरवावे. पुढचे दातेरी चक्र १६ दात्यांऐवजी १७ दात्यांचे घातले तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सहा टक्क्यांनी आणि ओढ सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होते. पण घाट चढताना गाडी कुंथते. सर्वांत स्वस्त उपाय बिनपैशाचा आहे. १०० चा वेग ८० वर आणा. वर्गाच्या नियमाने ओढ ३६ टक्क्यांनी उतरते.

हे सारे केवळ सुखासाठी सांगतो आहे असे समजू नका. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड येथे हवेच्या दाबाच्या छिन्नीने दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली त्यांची पाहणी करून हा कंपाचा परिणाम असल्याचे दाखवले. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही यात दुखावतात. जपानात मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्यांच्या हातांतही ही लक्षणे नोंदली गेली आहेत. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांच्या हातांना बसणाऱ्या कंपाची मर्यादा कायद्याने घातली. तिचा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे : कंप दुप्पट झाला तर तो सोसण्याची मुदत निम्मी होत नाही, पाव होते. नवलाची गोष्ट अशी की ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या ग्राहकांना इशारा दिला, की मोठ्या मोटारसायकलीच्या दांड्याला फोन बांधाल तर त्याचा कॅमेरा बिघडू शकेल. तो वाचून कित्येकांनी फोन काढून खिशात ठेवला. हात मात्र काढून ठेवता येत नाहीत!

म्हणून स्वारांना माझे सांगणे एवढेच. दांडा घट्ट आवळू नका. जितकी पकड घट्ट तितका कंप हातात अधिक शिरतो. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा. थंडीत हातमोजे घाला. तासाभराने उतरा, चहा घ्या, बोटे उघडमीट करा. उतरल्यावरही मुंग्या जात नसतील, किंवा थंडीत बोटे पांढरी पडत असतील, तर डॉक्टरांकडे जा, मिस्त्रींकडे नव्हे. आणि ज्यांच्याकडे दिवसभर दुचाकी चालवणारी मुले नोकरीस आहेत, अशा व्यापारी बंधूंना विनंती, की गाडीच्या दुरुस्तीचा खर्च वाचवताना आपण कुणाच्या बोटांवर तो टाकीत आहोत, याचा एकदा विचार करावा.

आता सभा संपेल आणि आपण आपापली वाहने चालू कराल. घरी पोचल्यावर दिव्याच्या उजेडात पाना घेऊन इंजिनाचे चार बोल्ट तेवढे तपासा. एकाचा जरी सैल निघाला, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.