पोलिसाची मोटार नागरिकाच्या दारी

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेतील ओहायो राज्यात माझ्या भाच्याकडे महिनाभर राहून आलो. विमानतळावर तो मला न्यायला आला, तो एका भल्याथोरल्या पांढऱ्या मोटारीतून. मोटार जुनी होती, पण अंगाने भारदस्त. आम्ही हमरस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात एक चमत्कार माझ्या ध्यानात आला. मागून भरधाव येणारी कोणतीही मोटार आमच्या जवळ पोहोचली की एकाएकी शालीन होई. तिचा वेग उतरे, मधले अंतर वाढे, आणि आम्हांला ओलांडून पुढे जाण्याचे धैर्य काही तिला होत नसे. परदेशातील लोकांच्या या शिस्तीचे मी मनापासून कौतुक केले, तेव्हा भाचा हसून म्हणाला, "मामा, ही शिस्त नव्हे. ही पोलिसांची गाडी आहे. म्हणजे, होती. मी लिलावात घेतली."

श्रोतेहो, त्या एका वाक्याने माझ्या मनात जे विचार सुरू झाले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. पोलिसांनी वापरलेली, किंवा पोलिसांच्या मोटारीसारखी दिसणारी मोटार खाजगी नागरिकाने बाळगावी काय? प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. पण अधिकार म्हणजे काय, आणि आपण मान देतो तो नेमका कशाला, हे जुने प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

प्रथम मोटारीचीच ओळख करून देतो. भाच्याची मोटार फोर्ड कंपनीची ‘क्राउन व्हिक्टोरिया’ जातीची होती. पोलिसांसाठी बांधलेल्या तिच्या आवृत्तीला ‘पोलीस इंटरसेप्टर’ म्हणत. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत तिने वर्षानुवर्षे गस्त घातली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सेंट थॉमस येथे तिचा कारखाना होता. तेथून सप्टेंबर २०११ मध्ये शेवटची मोटार बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. वजन दोन टनांच्या आसपास, आठ सिलिंडरांचे ४.६ लिटरचे इंजिन आणि ते सारे पेलणारी पोलादी चौकट असा तिचा थाट होता. घरगुती मोटारीहून तिचे स्प्रिंग कणखर, इंजिन थंड राखण्याची व्यवस्था अधिक चांगली आणि वीज निर्माण करणारे यंत्रही अधिक ताकदीचे असे, कारण दिवे, भोंगा आणि बिनतारी यंत्र यांची भूक मोठी. मागची बैठक धुऊन काढता येईल अशा जाड रेक्झिनची. मागची दारे बहुधा आतून उघडत नसत. का, ते सांगायला नको. दार उघडले तरी आतला दिवा लागू नये अशीही सोय असे. अंधारात उतरणाऱ्या शिपायाने स्वतःवरच उजेड पाडून घेणे शहाणपणाचे नव्हे!

अशा मोटारी सरकारी सेवेतून उतरल्या की अनेक ठिकाणी त्यांचा जाहीर लिलाव होतो. छोट्या शहरांतील टॅक्सीवाले त्या घेत, विद्यार्थी घेत, आणि माझ्या भाच्यासारखे यंत्रांचे शौकीनही घेत. सौदा स्वस्त, पण सावधपणे करावा लागतो. पोलिसांची मोटार चालते त्याहून अधिक वेळ नुसती उभी असते, आणि उभी असताना तिचे इंजिन धडधडतच असते. ती धडधड मैलांच्या आकड्यात उमटत नाही. म्हणून पुढच्या काळातील मोटारींत इंजिन किती तास चालले हे दाखविणारे मापकही बसविलेले असे, आणि असा एक उभा तास म्हणजे सुमारे ३३ मैलांची दौड असा हिशेब धरतात. जाणता गिऱ्हाईक आधी ते तास पाहतो, मग मैल.

या मोटारींचा लोकांना लळाही आहे. १९८० साली पडद्यावर आलेल्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ या गाजलेल्या चित्रपटाचा नायक माउंट प्रॉस्पेक्ट गावच्या पोलिसांची जुनी डॉज मोटार लिलावात घेतो, आणि मग पोलीसच तिच्या पाठीस लागतात. ज्या मोटारीने चोरांचा पाठलाग केला तिलाच पळताना पाहण्यात प्रेक्षकांना मोठी मौज वाटली.

मात्र लिलावात विकली जाते ती मोटार, तिचा अधिकार नव्हे. विकण्यापूर्वी दारावरचे चिन्ह खरवडतात, टपावरचे दिवे उतरवतात, भोंगा आणि बिनतारी यंत्र काढून घेतात. तांबडे-निळे लुकलुकणारे दिवे आणि भोंगा खाजगी मोटारीवर लावायला तेथे सामान्यतः मनाई आहे. राज्याराज्यांतून नियमांचा तपशील बदलतो, पण पोलीस असल्याची बतावणी करणे हा तेथे गुन्हाच. कॅलिफोर्निया राज्यात तर पोलिसांच्या मोटारीचा भास होईल अशी काळ्या-पांढऱ्या रंगाची मोटार सर्वसामान्य माणसाने बाळगण्यालाही कायद्याचा अटकाव आहे. तीच मोटार एकाच रंगात रंगवली की हरकत नाही. म्हणजे लोखंड नागरिकाचे, रंगसंगती मात्र शासनाची!

मोटार आणि अधिकार यांची ही सांगड बरीच जुनी आहे, आणि तिचा आरंभही ओहायोतच झाला. त्या राज्यातील ॲक्रन शहरात १८९९ साली पोलिसांसाठी विजेवर चालणारी एक गाडी रस्त्यावर आली. अमेरिकेतील पोलिसांची ती पहिली स्वयंचलित गाडी मानतात. दुसऱ्याच वर्षी शहरात दंगल उसळली, आणि जमावाने ती बिचारी गाडी कालव्यात लोटून दिली. गाडीने कोणाचे काय बिघडवले होते? पण लोकांच्या दृष्टीला ती गाडी दिसतच नव्हती. दिसत होती ती सत्ता. आदर असो वा संताप, माणूस तो खुणेवर ओततो.

आपल्याला ही गोष्ट अपरिचित नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून बहुरूपी फिरत असे, त्याचे स्मरण करा. खाकी पोशाख, हातात दंडुका, तोंडी दरडावणीची भाषा असा हा ‘फौजदार’ दारात उभा राही. चढ्या आवाजात तो घरधन्यावर नाना आरोप ठेवी आणि त्याला अटक करण्याची धमकी देई. पोरे आईच्या पदराआड लपत, मोठी माणसे हसत, आणि शेवटी पसाभर धान्य किंवा चार पैसे घेऊन स्वारी पुढच्या दाराकडे वळे. बहुरूप्याचे सोंग कितीही हुबेहूब असो, ते सोंग आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. त्यातच त्याची कला आणि त्यातच त्याचा प्रामाणिकपणा.

परंतु आपल्या इतिहासात दुसरेही एक सोंग आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे त्यांच्या नावाने एक तोतया उभा राहिला. ‘मीच भाऊ’ या एका वाक्याच्या बळावर त्याने माणसे जमवली, कोकणात बंड माजवले आणि पेशवाईला घोर लावला. १७७६ साली त्याला देहांताची शिक्षा झाली तेव्हा ते प्रकरण मिटले. त्याच्याभोवती जमलेली सारीच माणसे काही लबाड नव्हती. त्यांतल्या कित्येकांची भाऊंवर श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेनेच ती फसली. बहुरूपी आणि तोतया यांच्यातील अंतर पोशाखाचे नाही. पाहणाऱ्याला सत्य ठाऊक आहे की नाही, एवढेच ते अंतर.

हे अंतर पुसले गेले म्हणजे काय होते, हे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताने २०२० साली भोगले. तेथील एका माणसाने सरकारी विक्रीतून पोलिसांच्या उतरलेल्या मोटारी विकत घेतल्या होत्या. त्यांतल्या एकीवर त्याने रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस दलाची चिन्हे चिकटवली आणि टपावर दिवे चढवून तिला हुबेहूब गस्तीच्या मोटारीचे रूप दिले. १८ व १९ एप्रिल या दोन दिवसांत त्याने २२ माणसांचे प्राण घेतले. खुद्द एका पोलीस शिपायालाही ती मोटार आपल्या सहकाऱ्याचीच वाटली, आणि तो गोळीने जखमी झाला. मारेकरी पोलिसांसारख्या मोटारीतून हिंडतो आहे, ही वार्ता सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचायला दुसऱ्या दिवसाची सकाळ बरीच वर यावी लागली. संकटकाळी जिच्याकडे धाव घ्यावी तीच खूण संकट होऊन आली, तर माणसाने धावावे कोठे? पुढे २०२१ साली कॅनडाच्या केंद्र सरकारने अशा मोटारींची विक्री थांबवली, आणि पोलिसांचा गणवेश, चिन्हे व साहित्य यांवर निर्बंध घालणारा कायदा नोव्हा स्कोशियाने त्याच वर्षी केला. झाल्या प्रकाराची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावर कोणी म्हणेल, ही सारी परदेशची कथा. तसे म्हणण्यापूर्वी आपण आपल्या रस्त्यांकडे पाहू. आपल्याकडे पोलिसी मोटारीची हौस विरळा, पण सरकारी रुबाबाची हौस उदंड. मोटारीच्या टपावरचा लाल दिवा कित्येक वर्षे या देशात प्रतिष्ठेचे शिखर होता. ज्यांना तो नियमाने मिळे त्यांच्याबरोबर ज्यांना तो मिळत नसे त्यांनीही तो लावला. अखेर डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वापराला कडक मर्यादा घातल्या, आणि १ मे २०१७ पासून राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्यासह सर्वांच्याच मोटारींवरून तो उतरला. लुकलुकणारे दिवे राहिले ते रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस अशा तातडीच्या सेवांसाठी. दिवा उतरला, पण दिव्याची वासना उतरली काय? खाजगी मोटारीच्या काचेआड दिसेल अशी ठेवलेली ‘पोलीस’ ही पाटी, दुचाकीच्या क्रमांकावर रंगवलेले सरकारी नाव आणि नियमबाह्य भोंगा आपण रोज पाहतो. फसवण्याच्या हेतूने सरकारी नोकराचा पोशाख वा खूण धारण करणे हा आपल्याकडेही गुन्हा आहे. १८६० च्या दंडसंहितेत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २०५ व्या कलमातही तो आहे. परंतु कायदा हेतू पाहतो. जो कोणालाही फसवत नाही, नुसती पाटी ठेवतो आणि लोकांनी आपणहून वाट दिली तर ती घेतो, त्याचे काय?

नेमका हाच प्रश्न मी माझ्या भाच्याला विचारला. तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने एक अनुभव सांगितला. मोटार घेतल्यावर पहिले काही महिने आपल्याला फार मजा वाटली, असे तो म्हणाला. लोक वाट देत, चौकात अदबीने थांबत. आपण काही खोटे बोललो नाही, दिवा नाही, भोंगा नाही, मग दोष कसला, असे तो स्वतःला समजावी. मोटारीच्या डाव्या खांबावर पोलिसांचा शोधदिवा तेवढा तसाच राहिला होता, आणि तो काढण्याची कायद्याने सक्ती नव्हती.

एका रात्री पेट्रोल भरायला तो थांबला असता एक वृद्ध बाई धापा टाकीत त्याच्या मोटारीपाशी आल्या. त्यांनी काचेवर थाप मारली. त्यांच्या घराच्या मागच्या दाराशी कोणीतरी उभे होते, घरात नातवंड एकटे होते, आणि रस्त्यावर येताच त्यांना ‘पोलिसांची गाडी’ दिसली होती. "मामा, मी त्यांना सांगितलं की मी पोलीस नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी विसरू शकत नाही. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं." त्याने लगेच ९११ या क्रमांकावर पोलिसांना बोलावले, बाईंबरोबर त्यांच्या घरापर्यंत गेला, आणि खरे पोलीस येईपर्यंत तेथेच थांबला. सुदैवाने अघटित काही घडले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने तो शोधदिवा उतरवला, आणि मी पाहिलेला पांढरा रंगही पुढच्याच महिन्यात बदलायचे ठरवले.

श्रोतेहो, इतका वेळ मी केवळ धाकाचा विचार करीत होतो. त्या बाईंनी मला दुसरी बाजू दाखवली. पोलिसांच्या मोटारीपासून लोक बिचकतात हे खरे, पण अडल्यावेळी तिच्याकडे धावतातही. तिचे रूप म्हणजे समाजाने आपल्याच आपत्काळासाठी बाजूला काढून ठेवलेली ठेव आहे. ती ठेव लिलावात निघत नाही आणि कोणाला वारसाने मिळत नाही. प्रत्यक्ष शिपायालाही ती ड्यूटीपुरती उसनी मिळालेली असते. मोटार अवश्य घ्यावी. तिची मजबूत चौकट, तिचे दणकट इंजिन, तिची स्वस्त किंमत हे सारे पैसे मोजणाऱ्याचे आहे. पण रस्त्याने तिला वाट दिली तर ती वाट आपल्याला दिलेली नाही, एवढे मालकाने ओळखावे.

मी परत निघालो तेव्हा भाचा मला त्याच मोटारीतून विमानतळावर पोहोचवायला आला. आता तिचा रंग गडद हिरवा होता, आणि शोधदिव्याच्या जागी एक लहानसे गोल झाकण बसवलेले होते. हमरस्त्यावर एकामागून एक मोटारी आम्हांला ओलांडून निघून जात होत्या. एकाने तर भोंगा वाजवून ‘बाजूला व्हा’ असेही सुचवले. भाच्याने निमूटपणे मोटार बाजूला घेतली आणि त्याला पुढे जाऊ दिले.