फोनमधला पसारा आणि घरची स्मृती



वैशाखात आपल्याकडे, आदिलाबादेत, दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, कापसाचा हंगाम संपलेला असतो, मुलांना सुट्टी लागलेली असते. शनिवार-रविवारच्या अशा दोन दुपारी कूलरसमोर बसून करण्याजोगं एक काम मी आज सुचवणार आहे. घरातले जुने फोन, मंदावलेला कॉम्प्युटर, कपाटातले पेनड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये साचलेले हजारो फोटो काढा आणि आवरायला घ्या. घाई नको. या कामात जीव रमतो, आणि त्यातून घराचा इतिहास हाती लागतो.

जपलेलं कसं टिकतं, याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेतो. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडी भाषेची हस्तलिखितं जपलेली होती. त्यांतली काही १७५० च्या सुमाराची मानली जातात. त्यांची लिपी वाचू शकणारी वडीलधारी माणसं मोजकीच उरली होती. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लिपीकडे जगाचं लक्ष वेधलं. गावातल्या जाणत्यांनी ती पुढच्या पिढीला शिकवली आणि जून २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ युनिकोड या संगणकीय लिपी-मानकाच्या अकराव्या आवृत्तीत दाखल झाली. आता ती कॉम्प्युटरवर लिहिता येते. मोजके कागद टिकले, कारण कुणीतरी ते जपले आणि वाचण्याची विद्याही जपली.

दुसरं उदाहरण क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं. व्हिएन्नाचे हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईत राहिले. हे गाव आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येतं. त्यांनी काढलेली गोंड जीवनाची छायाचित्रं लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत आहेत. छायाचित्रांसोबत स्थळ, काळ, विषय यांच्या नोंदी आहेत, म्हणूनच ती आज अभ्यासाला उपयोगी पडतात. नोंद नसती, तर ते अनोळखी चेहऱ्यांचे ढीग झाले असते.

आपल्या फोनमध्ये नेमके असे ढीग साचत आहेत. रोजचे सुप्रभात संदेश, एकाच लग्नाचे शेकडो सारखे फोटो, विसरलेले स्क्रीनशॉट. सुप्रभातच्या चित्रांनी भारतातले फोन भरून जातात, हे गूगलच्याही लक्षात आलं होतं. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा मोफत मिळते.

म्हणून पहिली दुपार निवडीसाठी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडलं की मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेलं साहित्य वेगळं दिसतं. आधी ते काढा. मग गॅलरी उघडा आणि एका प्रसंगाचे दोन-चार उत्तम फोटो ठेवून बाकीचे पुसा. ठेवलेल्यांना नाव द्या. वर्ष, महिना, मग प्रसंग, असं लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. उदाहरणार्थ, ‘२०२४-०२ केसलापूर नागोबा जत्रा’. फोटोत कोण आहेत हे आजी-आजोबांना शेजारी बसवून विचारा. ते सांगत असताना त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित करा. जमेल तेव्हा करू, असं म्हणत हे काम पुढे ढकलू नका.

आपल्या घरांची आणखी एक विशेष गोष्ट आहे. निजामाच्या काळातल्या सरकारी कागदांवर उर्दू असते, वाडवडिलांची पत्रं आणि हिशेब मराठीत असतात, आणि नातवंडांचे दाखले तेलुगूत. या सगळ्या कागदांचे उजेडात, सरळ, चारही कोपरे दिसतील असे फोटो घ्या. उर्दू वाचणारे ज्येष्ठ अजून आपल्या गावात आहेत. त्यांच्याकडून कागदाचा आशय समजून घ्या आणि मराठीत सोबत लिहून ठेवा.

जुन्या मराठी फाइलींकडे तर तातडीने बघायला हवं. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप करत होतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की अर्थहीन अक्षरं दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून नंतर एकदा डोळ्यांखालून घाला. संस्थांची जुनी इतिवृत्तं, स्मरणिका, नाटकांच्या संहिता अशाच अडकलेल्या आहेत.

दुसरी दुपार यंत्रांची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून चांगले कॉम्प्युटर भंगारात निघत आहेत. तसं करण्याआधी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली पेनड्राइव्हवर घ्या. तिथूनच कॉम्प्युटर सुरू करून, काहीही न पुसता, ते चालतं का हे पाहता येतं. यंत्र फारच संथ असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की ते पुन्हा वापरण्याजोगं होतं. मुलांना शेजारी बसवा, स्क्रू त्यांच्या हातून उघडू द्या. यंत्राची भीती अशाच खटपटीने जाते.

सोमवारी कामावर जाण्याआधी एक नियम पाळा. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्यातली माहिती हळूहळू नष्ट होऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. जुना फोन देऊन टाकण्याआधी त्यातलं गूगल खातं काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. नाहीतर नव्या माणसाला तो उघडताना अडचण येऊ शकते. बंद पडलेली यंत्रं कचऱ्यात टाकू नका, अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

मित्रहो, नुसतं साठवलं म्हणून काही टिकत नाही. निवडलेलं, नाव दिलेलं आणि एकाहून अधिक हातांत असलेलंच पुढच्या पिढीपर्यंत पोचतं. येत्या शनिवारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या एका जुन्या फोटोपासून सुरुवात करा, आणि त्या फोटोखाली नाव, गाव, साल आजच्या लिपीत लिहून ठेवा.