मासा आजारी पडला तर आधी पाणी बघा

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेलं भाषण)



विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण इंदूरमधल्या आपल्या कितीतरी घरांत आज काचेची पेटी आहे, आणि त्यातला मासा आजारी पडला की मुलं जेवत नाहीत, हेही आपण सगळे जाणतो. मी मत्स्यवैद्य नाही. राज्य सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या कामात उपयंत्री आहे, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. मासे मात्र पंधरा-सोळा वर्षं पाळतो आहे. माशाच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ पाण्यात असतं, आणि पाण्याशी माझा रोजचा संबंध आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी चार गोल्डफिश सुस्त झाले. घरच्यांनी सगळं पाणी फेकलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतले, नळाचं ताजं पाणी भरलं आणि दुकानातून आणलेलं निळं औषध अंदाजाने ओतलं. तिसऱ्या दिवशी तीन मासे गेले. त्या घरातला दहा वर्षांचा मुलगा मला विचारत होता, "काका, आम्ही तर सगळं स्वच्छ केलं होतं ना?" त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच आजचं भाषण.

मासा ज्या पाण्यात खातो, त्याच पाण्यात त्याची घाण पडते. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर येतो, तो विषारी. स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे उपयोगी जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या पेटीत ही वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आता नळाचं पाणी घ्या. जंतू मरावेत म्हणून आम्ही त्यात क्लोरीन घालतो आणि शेवटच्या नळापर्यंत लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम उरावं असं बघतो. माणसाला ते सुरक्षित आहे, पण माशाचे कल्ले त्याने पोळतात. शिवाय चांगला जंतू कोणता आणि वाईट कोणता, हे क्लोरीनला कळत नाही. त्या घरी एकाच दुपारी जिवाणूंची वस्ती धुतली गेली आणि वर क्लोरीन आलं. रोगाचं नावसुद्धा कळायच्या आत मासे गेले.

म्हणून निदानाचा पहिला नियम: सगळे मासे एकदम बिघडले तर पाणी तपासा, एकच मासा बिघडला तर मासा तपासा. सगळे वर येऊन तोंड उघडत असतील, कल्ले लाल दिसत असतील, तर औषधाची बाटली बाजूला ठेवा. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजायचं किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, एअर पंप चालू ठेवा, खाणं एक दिवस बंद. नवं पाणी एक रात्र उघड्या बादलीत हवा सोडून ठेवलेलं असावं, किंवा त्यात अँटी-क्लोरीन घातलेलं असावं. बादलीचं आणि पेटीचं तापमानही सारखं असू द्या. स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात.

पाणी ठीक असेल तर मासा नीट बघा. अंगावर रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके आणि खड्यांना अंग घासणं, हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. थंडीत तापमान खाली-वर झालं की तो हमखास येतो. याचा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते नवा मासा शोधत पोहतात. औषध लागू पडतं ते याच पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणून ठिपके गेले तरी उपचार आणखी काही दिवस चालू ठेवायचा. उष्ण पाण्यातले मासे असतील तर हीटरने दिवसाला एक-दोन अंश चढवत 28 ते 30 अंशांपर्यंत न्या; चक्र लवकर फिरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप हवाच.

शेपटीच्या कडा झिजलेल्या, फाटलेल्या दिसल्या तर तो जिवाणूंचा रोग. सुरुवातीलाच पाणी सुधारलं तर पुष्कळदा तेवढ्यावर बरा होतो. कापसासारखा पुंजका दिसला तर बहुधा बुरशी. गोल्डफिश तिरका तरंगत असेल तर दोन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार थोडासा. पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर मात्र आशा कमी असते. ते मुलांना खरं सांगावं.

मात्रेचा हिशेब अंदाजाने करू नका. पेटीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा; लिटर निघतात. 60 गुणिले 30 गुणिले 35 म्हणजे 63 लिटर. खडे वजा जाता 55 धरा. साधं खडेमीठ लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 55 ग्रॅम, विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं घाला. मांगूरच्या जातीचे मासे किंवा वनस्पती असतील तर मीठ जपून. औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. दोन औषधं एकदम नकोत. निळं औषध उपयोगी जिवाणूंनाही मारतं, म्हणून आजारी मासा वेगळ्या टबात ठेवून द्यावं.

नवा मासाही असाच वेगळा, तीन-चार आठवडे. बहुतेक रोग घरात नव्या माशाबरोबर येतात.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. कंटाळा आला किंवा मासा आजारी पडला की "तळ्यात सोडू, जीव वाचेल" असं आपण म्हणतो. विसर्जनाच्या दिवसांत तर हमखास. कृपा करून असं करू नका. आपलं सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी 2022 पासून रामसर यादीत आहेत. काच साफ करायला आणलेला चोषक मासा तळ्यात सुटला की वाढतो, पिल्लं घालतो आणि स्थानिक माशांच्या वाटणीचं खाऊन टाकतो. आजारी मासा रोगही नेतो. नको असलेला मासा पाळणाऱ्याला द्या. मेलेला मासा बागेत पुरा.

मुलांनो, एक काम तुमच्याकडे. रोज दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला, आणि घातल्यावर लगेच उठू नका. कोण खायला आला नाही, ते बघा. आजाराची पहिली खूण तीच, आणि ती घरात सर्वांत आधी तुम्हालाच दिसते.