विहिरीच्या पाण्याला वास आला तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला आमच्या आळीच्या विहिरीवर बोलायला सांगितले. विषय जरा रुक्ष वाटेल, पण पाणी सर्वांच्याच घरात लागते, म्हणून थोडा वेळ ऐकून घ्यावे.

आमच्याकडे नळ आहे, पण उन्हाळ्यात तो दिवसाआड येतो. तेव्हा सारी भिस्त विहिरीवर. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता तिच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. आधी आम्ही एकमेकींनाच बोल लावला. कोणी म्हणाले, मुलांनी काठावर मोटारसायकली धुतल्या. कोणी म्हणाले, कुणाच्या हातून बाटली पडली असेल. गाळ काढला, ब्लीचिंग पावडर टाकली. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तोच वास.

सासूबाई म्हणाल्या, "पाणी उकळून घ्या." तसे केले, तर घरात वास कोंडला आणि मुलांची डोकी दुखू लागली. आता कळते की उकळल्याने जंतू मरतात, पेट्रोल मरत नाही. त्याची वाफ होते आणि ती आपल्याच स्वयंपाकघरात भरते. दुसरी चूक याहून मोठी होती. गाळ काढण्यापूर्वी हवा पाहायची म्हणून विहिरीत पेटता कंदील सोडला होता. पेट्रोलची वाफ असताना असे केले तर भडका उडतो. देवाच्या कृपेनेच त्या दिवशी कोणाचा जीव गेला नाही.

शेवटी चाळीस बायकांच्या सह्यांचा अर्ज दिला. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा तपासाची माणसे आली. त्यांनी आम्हाला विचारले, "वास कोणत्या दिवसापासून? पावसाआधी की नंतर? तेव्हा पाणी किती खोल होते?" सगळ्या गप्प. तेवढ्यात आमच्या थोरल्या जाऊबाई आत गेल्या आणि दुधाचे खाडे लिहायचे कॅलेंडर घेऊन आल्या. ज्या ज्या दिवशी पाण्याला वास आला, त्या त्या चौकटीत त्यांनी "वास" असे लिहून ठेवले होते. साहेबांनी त्याचा फोटो काढून घेतला.

सडकेच्या पलीकडे एक जुना पेट्रोल पंप आहे. तिथेही दुधासारखाच हिशेब असतो. जमिनीखालच्या टाकीत रोज मापाची काठी घालून किती माल आहे ते पाहतात. आलेला माल आणि विकलेला माल यांच्याशी ते जुळले पाहिजे. रोज थोडेथोडे कमी पडत असेल तर ते कुठे तरी मुरते आहे. मग टाकी आणि नळ्या दाब देऊन तपासतात. आमच्याकडे टाकी धड निघाली, पण एका नळीचा सांधा झिजलेला होता. तारखा लावून पाहिल्या तेव्हा वहीतली तूट आमच्या वासाच्या आधी दोन महिने सुरू झालेली होती.

माझा पुतण्या अशाच कामात आहे. पुढचे त्याने समजावून दिले. फोडणीचे तेल जसे आमटीवर तरंगते तसे पेट्रोल पाण्यावर तरंगते. पाऊस पडून जमिनीतले पाणी वर चढले की ते तेलही वर येते. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. खडकाच्या भेगांतून पाणी वाट काढते, म्हणून पंपाजवळची विहीर चांगली राहिली आणि आमची लांबची नासली. पाण्याचा ओढ कुठे आहे हे कळावे म्हणून निदान तीन ठिकाणी भोके पाडतात, प्रत्येकातली पाण्याची उंची मोजतात आणि निघालेली माती तपासतात.

पाणी नेण्याचीही रीत असते. आम्ही प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवले होते, ते त्यांनी घेतलेच नाही. लहान काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, आत बुडबुडासुद्धा राहू दिला नाही, आणि बर्फात ठेवून नेल्या. नाहीतर घातक भाग वाटेतच उडून जातो.

पेट्रोलमध्ये बेंझिन असते. ते पाण्यात विरघळते आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. इतक्या थोड्या बेंझिनचा नाकाला वास येत नाही. म्हणून वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे कोणी समजू नये.

हे फक्त आपल्यासारख्या गावात होते असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सान्ता मोनिका नावाचे श्रीमंत शहर आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले एमटीबीई नावाचे द्रव्य जमिनीखालच्या टाक्यांतून आणि नळ्यांतून गळून तिथल्या विहिरींत उतरले. १९९६ साली शहराला विहिरी बंद कराव्या लागल्या आणि जवळजवळ निम्मे पाणी गेले. बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. शुद्धीकरणाचा कारखाना उभारून मुख्य विहिरींचे पाणी पुन्हा सुरू व्हायला २०१० साल उजाडले. गळायला काही महिने पुरतात, निस्तरायला वर्षे लागतात.

आमच्या पंपाची नळी बदलली, माती उकरून नेली. विहीर मात्र अजून पिण्यासाठी बंदच आहे. नातीला तिथले पाणी देता येत नाही, याचे मनाला फार लागते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या पंपांसाठी नियम केले. शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि वस्ती यांपासून पंप ५० मीटर दूर हवा. अगदी अडचण असेल तर जास्तीची काळजी घेऊन ३० मीटर, त्याहून जवळ नाही. पण जुन्या पंपाशेजारी ज्यांची विहीर आहे त्यांनी स्वतःच जागे राहायला हवे.

म्हणून माझी मंडळाला एकच विनंती आहे. प्रत्येक आळीत विहिरीची एक वही ठेवावी. पाणी किती खोल, रंग कसा, वास कसा, एवढे आठवड्यातून एकदा तारखेसह लिहावे. वास आला तर पाणी पिऊ नये, उकळू नये, विहिरीत दिवा सोडू नये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करावा. पाण्यावर रोज हात आपलाच असतो. फरक सर्वांत आधी आपल्यालाच कळतो. तो लिहून ठेवला तर त्याला पुरावा म्हणतात, नाहीतर बायकांची कुरकुर म्हणतात.